कॅपिटल वाय

३० डिसेंबर २०२४, सोमवार. सकाळीच सपोर्टवाल्यांचा मेसेज, पावतीवर तारीख ३०-१२-२०२५ येतेय, कस्टमर विचारतोय पुढच्या वर्षीची पावती आत्ता कशी काय. डेटाबेसमध्ये बघितलं तर तारीख एकदम बरोबर, म्हणजे घोळ छापतानाच होत होता.

तारीख कशी छापायची ते सांगणारी कोडमधली फॉरमॅटची ओळ उघडली आणि लगेच दिसलं, वर्षासाठी चार वाय आणि चारही कॅपिटल, YYYY. जावा या प्रोग्रामिंग भाषेत साधं वर्ष हवं असेल तर स्मॉल वाय लागतो. कॅपिटल वाय, जो जावा ७ पासून आला, तो वीक-इयर देतो, म्हणजे तो आठवडा ज्या वर्षात धरला जातो ते वर्ष. १ जानेवारी २०२५ बुधवारी होता, त्यामुळे त्याच आठवड्यातला ३० डिसेंबरचा सोमवार २०२५ च्या पहिल्या आठवड्यात गेला. बाकी वर्षभर दोन्ही अक्षरं सारखंच उत्तर देतात म्हणून टेस्टिंगमध्ये हे कधी सापडतच नाही.

आमचं फिक्स करून तासाभरात लाइव्ह केलं. पण ती ओळ आली कुठून हे बघितलं तर आम्ही वापरतो त्या एका छोट्या ओपन सोर्स लायब्ररीच्या (म्हणजे कोणीही वापरू शकेल अशा तयार कोडच्या) रीडमीतलं, म्हणजे सोबतच्या माहितीच्या पानावरचं उदाहरण, जसंच्या तसं. आणि माझं ठाम मत आहे की डॉक्युमेंटेशनमधलं वर्णन लोक चाळतात पण उदाहरण थेट कॉपी करतात, म्हणजे उदाहरणातली चूक हा बगच. त्यात जावास्क्रिप्टच्या मोमेंट जेएस या तारखांच्या लायब्ररीत कॅपिटल वाय म्हणजे साधं वर्षच, त्यामुळे तिकडून आलेल्याला हे खटकणारच नाही.

दुपारी त्या लायब्ररीकडे पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती टाकली, बदल फक्त चार अक्षरांचा. ती लायब्ररी सांभाळणाऱ्या मेंटेनरने विचारलं, उदाहरण चालतंय की, फेल होणारी तारीख दाखव. रास्त प्रश्न होता. मग टेस्ट लिहिली आणि तारीख मुद्दाम ३० डिसेंबरच घेतली, कारण अमेरिकन सेटिंगमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो म्हणून २९ तारखेलाच वर्ष उडी मारतं, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकात सोमवारपासून, ३० ला मात्र दोन्हीकडे चूक दिसते. टेस्ट लाल, म्हणजे फेल झालेली बघितल्यावर त्याने स्वतःच बाकीची पानं तपासली, अजून एका पानावर तेच निघालं, ते पण त्याच पुल रिक्वेस्टमध्ये घ्यायला सांगितलं आणि रात्री मर्ज केलं, म्हणजे लायब्ररीत सामील करून घेतलं.