ओटीपी दिला नाही, तरी पैसे गेले कसे?

‘मी ओटीपी कुणालाही दिलेला नाही.’ सायबर पोलीस ठाण्यात येणाऱ्या तक्रारींत हे वाक्य हमखास असतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. ओटीपी सांगू नका, हे बँकांनी इतकी वर्षं घोकून घेतलंय की चोरांनी तो मागणंच कमी केलं. आता ते तो परस्पर घेतात, किंवा त्याची गरजच पडणार नाही अशी वाट काढतात. या वाटा माहीत असल्या, तर कोणत्या क्षणी थांबायचं ते कळतं.

सध्या सगळ्यात घातक वाट एपीके फाईलची. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’, ‘पीएम किसान यादी’, ‘वीजबिल अपडेट’, लग्नसराईत ‘आमंत्रण पत्रिका’ अशा नावाची फाईल येते. पाठवणारा नंबर अनेकदा ओळखीचा असतो, कारण त्याच्याही फोनमध्ये ती फाईल घुसलेली असते आणि तिथून ती सगळ्या संपर्कांना आणि गटांना आपोआप जाते. त्यामुळे ‘ओळखीच्याकडून आलंय’ हा निकष इथे कुचकामी आहे. फाईलच्या नावाचा शेवट पाहायचा. फोटोच्या शेवटी जेपीजी असतं, कागदपत्राच्या शेवटी पीडीएफ. डॉट एपीके असेल, तर ते चलनही नाही आणि पत्रिकाही नाही, ते अँड्रॉइडचं ॲप आहे. सरकारी खातं किंवा बँक व्हॉट्सॲपवरून ॲप पाठवत नाही.

फाईल नुसती फोनमध्ये उतरली म्हणून पैसे जात नाहीत. ती उघडल्यावर अँड्रॉइड विचारतं की अज्ञात ठिकाणाहून आलेलं ॲप बसवू द्यायचं का. इथे ‘नाही’ म्हटलं आणि फाईल पुसून टाकली, की विषय संपला. ‘हो’ म्हटलं की ॲप एसएमएस वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागतं. त्यानंतर अगदी सरकारी वाटावं असं पान उघडतं, राजमुद्रेसकट, आणि ‘पडताळणीसाठी’ 1 रुपया भरायला सांगतं. मग मोबाईल नंबर, डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि कार्डाची मुदत मागतं.

हीच माहिती का? कारण दुसऱ्या फोनवर तुमच्या नावाचं यूपीआय सुरू करायला तेवढंच लागतं. यूपीआय ॲप नोंदवताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो. ती खूण पटली, की तो फोन तुमच्या खात्याला जोडला जातो. घुसलेलं ॲप तो एसएमएस तुमच्या फोनमधून गुपचूप पाठवतं. मग नवा पिन ठरवायला कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदत आणि ओटीपी. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही त्या पानावर भरलेल्या असतात आणि ओटीपी ॲप वाचून पुढे धाडतं. तुमचा पिन कुणी चोरलेला नसतो, चोराने स्वतःचा नवा बनवलेला असतो. काही ॲप बँकेचे एसएमएस तुमच्या नजरेस पडण्याआधीच लपवतात आणि स्वतःचं चिन्हही पडद्यावरून गायब करतात. पैसे गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं ते म्हणूनच.

चलन खरंच आहे का, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. महाट्रॅफिकईचलन डॉट जीओव्ही डॉट इन या राज्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकले, की थकीत चलनं फोटोसकट दिसतात. पत्ता स्वतः टाइप करायचा, मेसेजमधल्या लिंकवरून जायचं नाही.

ॲप बसवून झालं असेल, तर कामांचा क्रम चुकवू नका. आधी विमान मोड चालू करा, वायफाय बंद झाल्याची खात्री करा आणि सिम काढा. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन करून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड, तिन्ही बंद करायला सांगा. नुसतं कार्ड बंद करून यूपीआय थांबत नाही, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. तिसरं, तो मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर आणि फाईलचं नाव यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. त्यानंतर ॲप काढायचं. ‘अनइन्स्टॉल’चं बटण फिकट दिसत असेल, तर ॲपने डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोनवर जादा ताबा ठेवण्याचा, हक्क घेतलेला असतो. सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ शोधून तो हक्क काढा, ‘ॲक्सेसिबिलिटी’मधला हक्कही काढा, तरी जमलं नाही तर फोन सेफ मोडमध्ये (त्यात बाहेरून बसवलेली ॲप चालत नाहीत) सुरू करून प्रयत्न करा. शेवटी फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पुसून कोरा, करायचाच. आधी फोटो आणि संपर्क तेवढे बाजूला घ्या.

आणि पासवर्ड त्याच फोनवर बसून बदलू नका. नवा पासवर्डही चोराच्या हाती जातो.

आयफोनवर एपीके चालत नाही. पण आयफोनवाल्यांनी फार निश्चिंत राहू नये, पुढच्या वाटा त्यांनाही लागू आहेत.

दुसरी वाट कॉल वळवण्याची. ‘तुमचं पार्सल आलंय, पत्ता सापडत नाही, डिलिव्हरीवाल्याशी बोलायला हा नंबर फिरवा’ असं सांगून *401* किंवा *21* पुढे दहा आकडी नंबर लावायला लावतात. तो फिरवला, की तुमचे सगळे कॉल त्या नंबरवर जातात. ओटीपी ऐकवणारा कॉलही तिकडेच. मग तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर सुरू होतं आणि तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले जातात. दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून असे कोड फिरवून कॉल वळवण्याची सोय बंद करायला कंपन्यांना सांगितलं, त्यामुळे हा मार्ग अरुंद झाला. तरी एकदा *#21# फिरवून स्थिती पाहा, शंका असेल तर ##002# फिरवून सगळं वळवणं रद्द करा. फोनच्या कॉल सेटिंगमध्येही ‘कॉल फॉरवर्डिंग’ तपासा. व्हॉट्सॲपमध्ये दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन लावा आणि ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून तिथे अनोळखी संगणक जोडलेला नाही ना, तेही बघा.

तिसरी वाट पडदा दाखवण्याची. गॅस, कुरिअर, विमान कंपनी यांचा ग्राहक सेवा नंबर लोक गुगलवर शोधतात आणि वरच दिसलेला खोटा नंबर लावतात. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलतो (खऱ्या ग्राहक सेवेपेक्षा जास्त अदबीने, हीदेखील एक खूणच म्हणा) आणि परतावा मिळवण्यासाठी एनीडेस्कसारखं, तुमच्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं ॲप घ्यायला किंवा व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला सांगतो. बँकेची बरीच ॲप अशा वेळी पडदा काळा करतात, पण वरून सरकणारी ओटीपीची सूचना त्याला स्पष्ट दिसते. तुम्ही तोंडाने काहीच सांगितलेलं नसतं.

चौथी वाट खेड्यापाड्यांत जास्त चालते. आधारच्या बोटांच्या ठशावर पैसे काढण्याच्या सोयीत ओटीपी लागतच नाही. व्यवहार झालाच नाही असं सांगून पुन्हा पुन्हा अंगठा लावून घेणाऱ्या मध्यस्थापासून ठशाची नक्कल करणाऱ्यांपर्यंत सगळे प्रकार यात येतात. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये ‘बायोमेट्रिक लॉक’ आहे, तो लावून टाका. रेशनसाठी किंवा केवायसीसाठी अंगठा लागला, की काही मिनिटांपुरता उघडता येतो. अंगठा लावलात की पावती घ्या, व्यवहार फसल्याची पावतीही.

राहिला यूपीआय पिन. पैसे यायला पिन लागत नाही, एवढं कळलं तरी पुरे. जुनं फर्निचर विकणाऱ्यांना पैसे देण्याऐवजी पैशांची मागणी करणारी ‘रिक्वेस्ट’ पाठवून, तीवर पिन टाकायला लावून गंडवण्याचा प्रकार बोकाळला होता. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली. व्यापाऱ्यांच्या नावाने मागणी अजून येऊ शकते आणि क्यूआर कोड तर आहेतच. कोड स्कॅन करणं म्हणजे पैसे देणं. घेण्यासाठी स्कॅन करायला सांगणारा प्रत्येक जण चोर समजायला हरकत नाही.

डिजिटल अरेस्टमध्येही, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ करण्याच्या प्रकारातही, ओटीपी मागत नाहीत. तिथे माणूस स्वतः शाखेत जाऊन मुदत ठेव मोडतो आणि आरटीजीएस करतो. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलेलं आहे. फोन कापा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. खरी केस असेल तर तिथे कळेलच.

वीज तोडण्याच्या धमकीचंही तसंच. ‘आज रात्री साडेनऊला वीज बंद होईल’ असा मेसेज दहा आकडी नंबरवरून आला, तर विद्युत कायदा 2003 चं कलम 56 आठवा. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शंका असेल तर महावितरणच्या 1912 वर विचारा. खऱ्या संस्थांचे एसएमएस दहा आकडी नंबरवरून येत नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतात. त्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. बँकांच्या सेवेच्या कॉलसाठी 1600 ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत, जाहिरातींच्या कॉलसाठी 140 ने सुरू होणारे. शाखेतले साहेब अजूनही स्वतःच्या मोबाईलवरून फोन करतात, हे खरंच आहे, पण त्यांना ‘शाखेत येऊन बोलतो’ म्हटलं तर खरे साहेब रागावणार नाहीत.

आता पैसे गेल्यावर काय. पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, पोलीस ठाण्याच्या वाटेवर असतानाच. तिथे विचारतात ते समोर ठेवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा तो 12 आकडी असतो, ॲपच्या इतिहासात किंवा पासबुकाच्या नोंदीत सापडतो. तो नसेल तर तक्रार रेंगाळते. 1930 वर नोंद झाली, की ती तुमच्या बँकेकडे आणि पैसे पोचले त्या बँकेकडे जाते आणि तिथे जेवढी रक्कम शिल्लक असेल तेवढी रोखून धरतात. चोर पैसे एका खात्यातून पुढच्या पाच-दहा भाड्याच्या खात्यांत फोडतात आणि एटीएममधून काढतात. रोखीत बाहेर पडलेले पैसे मग कुठल्याच बँकेला थांबवता येत नाहीत, म्हणून पहिल्या तासाला एवढी किंमत. पाठोपाठ सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार पूर्ण करा. रोखलेली रक्कम परत मिळायला अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो, त्यासाठी तक्रारीचा पोच क्रमांक जपून ठेवा.

बँकेकडे मात्र वेगळी लेखी तक्रार करावीच लागते, 1930 ने ते काम होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने आणलेल्या नियमांनुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहारात मेसेज मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. 4 ते 7 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये, मूलभूत (किमान शिल्लक न लागणाऱ्या) बचत खात्याला 5,000. बँकेने 10 कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि 90 दिवसांत निकाल लावायचा. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची तारीख-वेळ असलेली पोच घ्या.

एपीकेच्या प्रकरणांत बँका ‘ग्राहकाचाच निष्काळजीपणा’ म्हणून हात झटकतात. त्यामुळे तक्रारीत घडलं तेच नेमकं लिहा: कोणती फाईल आली, काय भरलं, दुसऱ्या फोनवर यूपीआय नोंदलं गेल्याचा इशारा बँकेने दिला की नाही. शाखेतला माणूस मजकूर सांगू लागला आणि ‘ओटीपी शेअर झाला’ असं लिहायला लावलं, तर तसं लिहू नका. त्या एका वाक्यावर दावा फेटाळला जातो. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते.

महाराष्ट्रात एक गोष्ट तपासायलाच हवी. सहकारी बँकांना असाच नियम डिसेंबर 2017 मध्ये लागू झाला. पतसंस्थांना तो लागू नाही, कारण त्या रिझर्व्ह बँकेच्या नव्हे तर सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. पतसंस्थेत ठेव आहे आणि तिचं ॲपही वापरता, तर पैसे गेल्यावर दाद कुठे मागायची, हे आत्ताच विचारून ठेवा.

रोजच्या वापराचं यूपीआय एका वेगळ्या खात्याला जोडा, त्यात पाच-दहा हजारांहून जास्त ठेवू नका, आणि निवृत्तीची किंवा ठेवीची रक्कम असलेल्या खात्याला यूपीआय लावूच नका. बँकेच्या ॲपमध्ये रोजची मर्यादाही कमी करता येते, ती 1 लाखावर ठेवायचं बहुतेकांना काही कारण नसतं.

तक्रार केल्यानंतरच्या काही आठवड्यांत आणखी एक फोन येऊ शकतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, सोडवण्यासाठी 2 टक्के शुल्क भरा.’ फसलेल्यांच्या याद्या चोर एकमेकांना विकतात. तुमचं नाव, गेलेली रक्कम, तारीख सगळं तो बरोबर सांगेल. 1930, पोलीस, न्यायालय किंवा लोकपाल यांपैकी कुणीही पैसे परत देण्यासाठी फोनवर शुल्क मागत नाही. हा नंबरही आधीच्या तक्रारीत जोडून द्या.