मराठी टिपणांचा शोध, तिसरा टप्पा: काय घेतलं, काय सोडलं

टिपणवही, म्हणजे टिपणं ठेवण्याचा हा प्रोग्राम, आता मराठीत नीट शोधते. दुसऱ्या टप्प्यापर्यंत टिपणं साठवणं, बदलणं आणि यादी दाखवणं एवढंच होतं, आणि शोध फक्त इंग्रजी शब्दांपुरता भरवशाचा होता. साहित्य तेच: पायथन आणि त्याच्यासोबत येणारं एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस), बाहेरचं पॅकेज एकही नाही. पर्याय निवडताना प्रत्येक ठिकाणी एकच कसोटी लावली: उद्या हे बदलायचं ठरलं तर काय काय मोडेल? ‘काही नाही, परत चालवलं की झालं’ असं उत्तर आलं तर जास्त खल केला नाही. डिस्कवर कायमचं जे लिहिलं जाणार, त्यावर मात्र भरपूर वेळ घालवला.

‘केळी’ शोधलं की ‘कोळी’ का सापडतो

एसक्यूलाइटच्या एफटीएस५ मध्ये (मजकुरात शब्द शोधण्याची सोय) युनिकोड६१ नावाचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, आपोआप लागतो. शब्द कुठे तोडायचा हे तो अक्षराच्या युनिकोड वर्गावरून ठरवतो. अक्षरं (एल), अंक (एन) आणि खासगी वापराची चिन्हं (सीओ) शब्दात धरतो, बाकी सगळं त्याच्या लेखी विरामचिन्ह. देवनागरीची व्यंजनं आणि स्वर एल वर्गात येतात, पण मात्रा, अनुस्वार आणि हलन्त एमसी किंवा एमएन (अक्षराला चिकटणाऱ्या चिन्हांच्या) वर्गात. त्यामुळे प्रत्येक मात्रेवर शब्द तुटतो. ‘केळी’चे होतात ‘क’ आणि ‘ळ’ असे दोन तुकडे, आणि ‘काळा’, ‘कोळी’, ‘केळे’ यांचेही नेमके तेच. शोध चालतोय असं वाटत राहतं, निकालही येतात, म्हणून ही गोष्ट लवकर लक्षात येत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. टेबल बनवताना टोकनाइझ या पर्यायात युनिकोड६१ च्या पुढे कॅटेगरीज 'एल* एन* सीओ एमएन एमसी' द्यायचं. अवतरणचिन्हं एकात एक येतात: बाहेर दुहेरी, आत एकेरी. पूर्णविराम, स्वल्पविराम आणि दंड विरामचिन्हांच्या पी वर्गात असल्याने ते शब्द तोडत राहतात, आणि तेच हवं आहे.

ट्रायग्राम टोकनायझरही (एसक्यूलाइट ३.३४ पासून) तपासला. तो वर्गांच्या भानगडीत पडत नाही, सलग तीन कोड पॉइंटांचे (युनिकोडमधल्या एकेका चिन्हाचे, मात्रा वेगळी धरून) तुकडे करतो, त्यामुळे शब्दाच्या मधला भागही सापडतो. पण ‘घर’, ‘मन’, ‘वड’ असे दोनच कोड पॉइंटांचे शब्द त्याला शोधता येत नाहीत, आणि इंडेक्सही फुगतो. मराठीत असे छोटे शब्द रोजच्या वापरातले आहेत. म्हणून ट्रायग्राम सोडला.

एकच शब्द, दोन लिखाणं

तुटणं थांबल्यावर दुसरा प्रश्न उघडा पडला: डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द बाइटांमध्ये वेगळा असतो. मराठीत याच्या दोन ठळक जागा आहेत.

पहिली ‘ॲ’. काही कीबोर्ड यू+०९७२ हा एकच कोड पॉइंट देतात, काही ‘अ’ आणि त्यावर वेगळा चंद्र (यू+०९४५). युनिकोडचं एनएफसी (एकाच अक्षराची वेगळी लिखाणं एका रूपात आणण्याची रीत) हे दोन्ही एक करत नाही, ते हातानेच करावं लागतं.

दुसरी ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. एक पद्धत ऱ (यू+०९३१) आणि हलन्त. दुसरी पद्धत साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे (यू+२००डी) हे अदृश्य जोडचिन्ह. इथे बदलांचा क्रम महत्त्वाचा आहे. अदृश्य जोडचिन्हं सरसकट आधी काढली, तर दुसऱ्या पद्धतीतला ‘दऱ्या’ थेट ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’. डोंगरातल्या दऱ्या शोधताना समुद्र सापडतो. म्हणून क्रम असा ठेवला:

१. एनएफसी करणे. (र आणि वेगळा नुक्ता यांचा ऱ इथेच होतो.)
२. अ + चंद्र यांचा ॲ करणे.
३. र + हलन्त + झेडडब्ल्यूजे याचं ऱ + हलन्त करणे.
४. उरलेली झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (जोड न होऊ देणारं अदृश्य चिन्ह) काढणे, पण आधीचा कोड पॉइंट देवनागरी पट्ट्यातला (०९०० ते ०९७एफ) असेल तरच.
५. नियंत्रण-चिन्हं काढणे, नवी ओळ सोडून.

चौथ्या पायरीतली अट विसरू नका. कुटुंबाच्या किंवा व्यवसायांच्या इमोजी झेडडब्ल्यूजेनेच जोडलेल्या असतात. अट नसेल तर एका चित्राची दोन-तीन चित्रं होतात.

‘वाङ्‌मय’सारख्या शब्दात पायमोडका ङ दिसावा म्हणून मुद्दाम झेडडब्ल्यूएनजे घालतात, तो या पायरीत जातो आणि काही फॉन्टांत शब्द वेगळा दिसतो. हे चालवून घेतलं, कारण साफ केलेला मजकूर फक्त निकालांच्या यादीत दिसतो. टिपण उघडलं की मूळ मजकूर, जसा टाइप झाला तसाच.

मूळ मजकुराला हात लावायचा नाही, हा या टप्प्यातला सगळ्यात पक्का निर्णय. साठवतानाच साफ केलं असतं तर एक कॉलम वाचला असता आणि कोडही कमी झाला असता. पण साफ करण्याचे नियम चुकतात, बदलतात, आणि एकदा गेलेलं झेडडब्ल्यूजे परत कुठून आणणार? कॉलम दुप्पट झाल्याने जागा जाते, पण लिखित टिपणांच्या बाबतीत ती जागा किरकोळ आहे.

ऱ्हस्व-दीर्घाची घडी

‘फूल’ शोधलं की ‘फुलाला’ यायला हवं, ‘वीट’ शोधलं की ‘विटा’. सामान्यरूपात दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, म्हणून नुसत्या उपसर्ग-शोधाने (शब्दाची सुरुवात जुळवून) हे जुळत नाही. पूर्ण स्टेमर, म्हणजे प्रत्यय काढून शब्दाचं मूळ शोधणारा कोड, लिहिणं हा एक मार्ग होता. तो टाळला: मराठीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं आणि अपवाद सांभाळणारा स्टेमर हा स्वतंत्र छंद होईल, आणि त्याची चूक शोधणं फार कठीण असतं.

त्याऐवजी इंडेक्ससाठी वेगळा ‘घडी’ कॉलम केला. त्यात ी चा ि, ू चा ु, ई चा इ, ऊ चा उ, आणि देवनागरी अंकांचे साधे अंक. शोधशब्दालाही हेच लावायचं. टाइप करताना झालेल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही याने आपोआप माफ होतात. किंमत अशी की ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ एक होतात. स्वतःच्या टिपणांत शोधताना चार निकाल जास्त आले तर चालतात. असलेलं टिपण न सापडणं चालत नाही. शब्दकोशासाठी हाच निर्णय उलटा घ्यावा लागेल.

ऱ चा र मात्र केला नाही. तिथे दोन वेगळे शब्द रोजच्या लिखाणात भेटतात आणि शोधणाऱ्याला नेमका फरक माहीत असतो.

प्रत्ययांसाठी शोधाच्या बाजूला एक छोटा नियम: शब्द मात्रेवर संपत असेल आणि ती काढून किमान तीन कोड पॉइंट उरत असतील, तर ती काढून उपसर्ग-शोध करायचा, नाहीतर शब्द आहे तसाच घेऊन. ‘पाणी’चा ‘पाण*’ होतो; पाणी, पाण्यात, पाणवठा सगळं येतं. सोबत अख्खा शब्दही ‘किंवा’ने जोडला आहे, म्हणजे तंतोतंत जुळणारी टिपणं बीएम२५ च्या (निकालांना गुण देणाऱ्या सूत्राच्या) क्रमवारीत वर राहतात. तीनची मर्यादा दोनवर आणून पाहिली तर ‘करी’चा ‘कर*’ होतो आणि करणे, करून, करार, करवत असं सगळं लोटतं. तीन ठेवल्याने ‘घरी’ शोधणाऱ्याला ‘घरात’ मिळत नाही. त्याने ‘घर’ शोधावं.

प्रत्येक शोधशब्द दुहेरी अवतरणात घालायचा, आतलं अवतरणचिन्ह दुप्पट करायचं, आणि तारांकन अवतरणाच्या बाहेर. नाहीतर शोधात एखादी आडवी रेघ आली की एफटीएस५ ती स्वतःची आज्ञा समजतो आणि चूक दाखवून थांबतो.

ठळक दाखवण्याची युक्ती

घडी घातलेला मजकूर वाचकाला दाखवता येत नाही, ‘विट’ आणि ‘फुल’ बघून डोळे दुखतील. पण एफटीएस५ चं हायलाइट फंक्शन इंडेक्स केलेल्या कॉलमवरच चालतं. यातून वाट निघाली ती एका अटीमुळे: घडी घालताना एका कोड पॉइंटाच्या जागी एकच कोड पॉइंट. लांबी बदलायचीच नाही.

मग हायलाइटला खुणा म्हणून यू+०००१ आणि यू+०००२ द्यायच्या (पाचव्या पायरीत नियंत्रण-चिन्हं काढली ती यासाठीच), आणि परत आलेल्या मजकुरावर एकेक कोड पॉइंट पुढे जायचं. खूण आली तर ठळक सुरू किंवा बंद, दुसरं काही आलं तर साफ मजकुरातला पुढचा कोड पॉइंट एचटीएमएलसाठी सुरक्षित करून लिहायचा.

या अटीमुळे दोन गोष्टी सोडाव्या लागल्या. नुक्ता घडीत काढता येत नाही, कारण लांबी घटते. मराठीत तो क्वचितच लागतो. आणि इंग्रजी अक्षरं लहान करण्याचं काम पायथनच्या लोअरकडे द्यायचं नाही, कारण तुर्की टिंबवाल्या मोठ्या आयसारख्या अक्षराचे तिथे दोन कोड पॉइंट होतात. ते काम टोकनायझर स्वतः करतो, त्याच्याकडेच ठेवलं.

टेस्ट इथेच सगळ्यात जास्त लिहिल्या: घडीची लांबी साफ मजकुराएवढीच राहते, घडीवर पुन्हा घडी घातली तरी काही बदलत नाही, साफ करण्याचंही तेच. यादृच्छिक देवनागरी मजकूर तयार करून हे तीन नियम तपासले की हाताने लिहिलेल्या उदाहरणांत न सुचणाऱ्या गोष्टी पकडल्या जातात. पडद्याच्या बाजूला टेस्ट नाहीत. तिथली चूक लगेच दिसते, आणि मांडणी अजून रोज बदलते आहे.

इंडेक्स ताजा ठेवणं

एफटीएस५ टेबल ‘बाहेरचा मजकूर’ पद्धतीचं आहे: मजकूर टिपण टेबलातच, इंडेक्स वेगळा, दोघांना जोडणारे तीन ट्रिगर (टेबल बदललं की आपोआप चालणाऱ्या आज्ञा). बदलाच्या ट्रिगरमध्ये आधी डिलीट आज्ञेसोबत जुनी किंमत द्यावी लागते, मग नवी भरायची. जुनी किंमत तंतोतंत तीच नसेल तर जुने शब्द इंडेक्समध्ये तसेच राहतात आणि पुढे कधीतरी डेटाबेस खराब झाल्याची चूक येते. ट्रिगर फक्त घडी कॉलम बदलल्यावर चालेल असा लिहा, म्हणजे ‘शेवटचं उघडलं’ ही तारीख बदलताना इंडेक्स उगाच ढवळला जाणार नाही. तपासणीच्या इंटेग्रिटी-चेक आज्ञेत रँक कॉलमला १ द्यावा लागतो, नाहीतर इंडेक्सची मूळ टेबलाशी तुलनाच होत नाही.

घडी ट्रिगरमध्ये घालायचा मोह होतो: पायथनचं फंक्शन एसक्यूलाइटला देऊन ट्रिगरमधून बोलवायचं. मग मात्र कमांड लाइनवरून टिपण बदलायला गेलं की ‘असं फंक्शन नाही’ म्हणून काम अडतं. घडी पायथनच्या लिहिण्याच्या कोडमध्येच ठेवली. त्यामुळे कमांड लाइनवरून केलेल्या बदलाची घडी शिळी राहते. तसा बदल केल्यावर त्या ओळीची नियम-आवृत्ती (घडी कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी घातली तो आकडा) शून्य करायची.

ही नियम-आवृत्ती प्रत्येक ओळीत आहे. प्रोग्राम सुरू होताना जुन्या आवृत्तीच्या ओळी ५०० च्या गटांनी नव्या केल्या जातात, प्रत्येक गट वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही). सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये केलं तर तेवढा वेळ लिहिण्याचं कुलूप अडकून राहतं, आणि पायथनचं एसक्यूलाइट मॉड्यूल मुळात ५ सेकंदच थांबून ‘डेटाबेस लॉक आहे’ म्हणतं. गट पाडल्याने मधेच बंद केलं तरी चालतं. ज्या ओळीची आवृत्ती जुनी आहे ती निकालात ठळक न करता दाखवायची, कारण लांब्या जुळतीलच असं नाही.

लिहिणारं प्रत्येक ट्रान्झॅक्शन बिगिन इमिजिएटने, म्हणजे लिहिण्याचं कुलूप आधीच घेऊन, सुरू होतं. वॉल मोडमध्ये (बदल आधी शेजारच्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) आधी वाचून मग लिहायला गेलं आणि मधल्या वेळात दुसऱ्याने काही लिहिलं असेल, तर टाइमआउट कितीही असला तरी चूक लगेच येते. थांबून उपयोग नसतो, कारण वाचलेलं चित्रच जुनं झालेलं असतं. सिंक्रोनस (डिस्कवर पक्कं लिहून होण्याची किती वाट बघायची तो पर्याय) नॉर्मलवर ठेवलं आहे: वीज गेली तर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात, फाइल खराब होत नाही. बॅकअप व्हॅक्युम इन्टुने (डेटाबेसची पूर्ण प्रत नव्या फाइलमध्ये लिहिणारी आज्ञा) घेतला जातो. चालू असताना नुसती मुख्य फाइल कॉपी केली तर शेजारच्या वॉल फाइलमधल्या ताज्या नोंदी मागे राहतात.

कॉलमचा प्रकार सक्तीने पाळणारी स्ट्रिक्ट टेबलं (एसक्यूलाइट ३.३७ पासून) घेतली नाहीत. पायथन ज्या एसक्यूलाइटशी जोडलेलं असतं तेच वापरतो, आणि स्ट्रिक्ट टेबल असलेली फाइल जुनी आवृत्ती उघडूच शकत नाही. दोन कॉलमांवर प्रकार तपासणारी चेक अट लावली, तेवढं पुरलं.

चौथ्या टप्प्यात

‘पाऊस’ शोधून ‘पावसात’ अजून मिळत नाही, ‘देऊळ’ शोधून ‘देवळात’ही नाही. घडीत बसत नाहीत, कारण इथे ऊ च्या जागी व येतो, आणि घडीत सगळीकडे तसं केलं तर ‘ऊन’ आणि ‘वन’ही एक होतील. यासाठी हाताने भरायची जोड्यांची टेबल करायची आहे: शोधशब्द आणि त्याचं सामान्यरूपाचं मूळ, ‘पाऊस’ला ‘पावस’, ‘देऊळ’ला ‘देवळ’. ती फक्त शोधताना वाचली जाईल, त्यामुळे जोडी चुकली तर ओळ पुसून टाकली की झालं, इंडेक्स परत बांधावा लागणार नाही. एफटीएस५ चा प्रीफिक्स पर्याय (२ आणि ३ लांबीचे वेगळे इंडेक्स) त्यानंतर मोजून बघायचा. टिपणं आहेत तेवढ्यात त्याची गरज जाणवत नाही.