शेवटच्या शिट्टीपासून मागे मोजत: मडगाव फुटबॉल वीकेंडचा आराखडा, सध्याची स्थिती

मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवाचा घरचा सामना बघायला मुंबई, पुणे आणि कोल्हापूरकडून येणाऱ्या आठ जणांसाठी हा आराखडा आहे. मुक्काम पक्का झालाय, गाडी निम्मी पक्की आहे आणि रविवार अजून मोकळा आहे. आखणीचे सूत्र मात्र ठरले आहे: सामना सुरू होण्याची वेळ धरायची नाही, संपण्याची धरायची. फातोर्ड्याच्या सामन्याला येणाऱ्यांची फजिती बहुधा साडेनवानंतर होते, आधी नाही.

हिशेब असा. सामना साडेसातचा. पंचेचाळीस मिनिटे, वर दोन-तीन मिनिटे, मध्यंतराची पंधरा, पुन्हा पंचेचाळीस आणि वर पाच-सहा. म्हणजे शिट्टी साधारण 9.25 ला. बाहेर पडायला वीस मिनिटे. बाद फेरीचा सामना असेल तर जादा वेळ आणि पेनल्टी धरून आणखी पाऊण ते एक तास लागतो. ही शक्यता कागदापुरती नाही. फातोर्ड्यावर झालेले आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) 2022 आणि 2023 चे दोन्ही अंतिम सामने पेनल्टीवरच सुटले: आधी हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला हरवले, पुढच्या वर्षी एटीके मोहन बागानने बंगळुरूला. त्यामुळे साखळी सामन्याला पावणेदहा आणि बाद फेरीला पावणेअकरा ही ‘रस्त्यावर आलो’ची वेळ धरली आहे.

ही वेळ लिहिली की मुक्कामाचा प्रश्न आपोआप सुटतो. कळंगुट-बागा बाद. तिथून फातोर्डा पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे आणि रात्री दहाला परतीची बस नाही. पणजीही बाद, जरी अंतर पस्तीसच्या आत असले तरी. पणजी-मडगाव कदंबची (गोव्याच्या सरकारी बससेवेची) थेट शटल दिवसभर उत्तम चालते, तिकीट काउंटरवर काढायचे, उभ्याने प्रवास नाही. पण रात्री साडेआठनंतर तिचा भरवसा धरू नये. नवा झुवारी पूल पूर्ण खुला झाल्यापासून कुठ्ठाळीची कोंडी बरीच सुटली, तरी प्रश्न रस्त्याचा नसून वाहनाचा आहे. गोव्यात ओला-उबर नाही. गोवा माइल्सचे अ‍ॅप आहे, पण स्टेडियममधले सगळे एकाच मिनिटाला ते उघडतात.

म्हणून मुक्काम मडगाव शहरात. कोलवा दुसरा पर्याय, सहा किलोमीटर. समुद्र हवाच असेल तर कोलवा घ्या, पण जातानाच परतीच्या दोन टॅक्सी सांगून ठेवा आणि भेटीची जागा स्टेडियमचे फाटक न ठेवता कदंब बसस्थानक ठेवा. तिथवर चालत जाता येते आणि फाटकाजवळच्या गर्दीत गाडी अडकत नाही. पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, एकट्या माणसाला झटपट नेतो, आठ जणांच्या गटाला त्याचा उपयोग नाही.

भाड्याची दुचाकी घेणार असाल तर नंबरप्लेट बघा: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर कोणी स्वस्तात देत असेल तर नको. पोलिसांनी अडवले तर सामन्याचा पूर्वार्ध चौकीवर जातो.

आता गाडी. मुंबईकरांसाठी शुक्रवार रात्रीची कोकणकन्या पहिली पसंती. शनिवारी सकाळी उशिरा मडगावला उतरता येते आणि सामन्याआधी झोपही होते. विमानाने येणाऱ्यांनी तिकीट काढताना विमानतळाचे नाव नीट वाचावे. दाबोळीहून मडगाव पंचवीसेक किलोमीटर, मोपाहून साठाच्या पुढे. मोपाचे स्वस्त तिकीट टॅक्सीच्या भाड्यात वसूल होते. पुणेकरांना गोवा एक्सप्रेस किंवा रात्रीची स्लीपर बस. कोल्हापूरकरांनी आंबोलीमार्गे स्वतःच्या गाडीने यायला हरकत नाही, मात्र सामना संपवून त्याच रात्री घाट चढण्याचा बेत आराखड्यातून काढला आहे. दिवसभराच्या थकव्यानंतर धुक्यातला घाट नको.

मोठा सापळा परतीचा. सामना रविवारी असेल तर परतीची कोकणकन्या संध्याकाळीच सुटते, म्हणजे सामना सुरू व्हायच्या सुमारास ती मडगाव सोडते. रविवारच्या सामन्याला सोमवारची सकाळची मांडवी किंवा दुपारची जनशताब्दी, आणि एक रजा, हे गृहीत धरूनच या. शनिवारचा सामना असेल तर रविवारची कोकणकन्या चपखल बसते. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू असते, तेव्हा या सगळ्या वेळा नव्याने तपासाव्या लागतात.

आरक्षण साठ दिवस आधी उघडते, आणि सामन्यांच्या तारखा पुष्कळदा त्याहून उशिरा कळतात. 2025-26 चा मोसम तर लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या करारावरून रखडला होता. त्यामुळे एफसी गोवाचा घरचा सामना ज्या दोन वीकेंडना होण्याची शक्यता आहे, त्या दोन्हींची परतीसह तिकिटे काढायची आणि तारीख जाहीर झाल्या दिवशीच नको असलेली रद्द करायची. उशीर कराल तशी कपात वाढते. हॉटेलही मोफत रद्द करता येणारेच घ्यावे.

काही वीकेंड आधीच खोडून टाकलेत. 24 डिसेंबर ते 2 जानेवारी, दरांमुळे. 3 डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या सेंट फ्रान्सिस झेवियर फेस्ताच्या लगतचा, गर्दीमुळे. कार्निव्हलचा, कारण मडगावची मिरवणूक रविवारी असते आणि शहरातले रस्ते बंद होतात. शिगम्याच्या मिरवणुकीचा दिवसही पाहून ठेवा. रोमटामेळ (शिगम्यातला ढोल-ताशांचा समूहनाच) बघायला थांबायचे असेल तर तो वेगळा आनंद आहे, पण सामन्याच्या दिवशी दोन्ही जमत नाहीत.

स्टेडियमच्या दिवसाचे थोडक्यात. आठही तिकिटे एका फोनवर ठेवू नका. प्रत्येकाकडे आपापला क्यूआर, स्क्रीनशॉट काढलेला. एक जण पार्किंगमध्ये अडकला की बाकी सातजण फाटकावर खोळंबतात. पॉवर बँक, नाणी, लायटर, बाटल्या बहुधा आत नेऊ देत नाहीत, म्हणून बॅग खोलीवरच. फोन पूर्ण चार्ज करून निघा. पाहुण्या संघाचे समर्थक असाल तर त्यांच्याच स्टँडचे तिकीट घ्या. एफसी गोवाच्या नारिंगी गर्दीत दुसरी जर्सी घालून बसलात तर उगाच तणाव. सहाला आत, म्हणजे संघांचा सराव बघता येतो. सामन्याआधी पोट भरून घ्या. सामन्यानंतर रस्त्याकडेच्या गाड्यावर रस-आमलेट आणि पाव मिळाले तर उत्तम, पण अकराच्या पुढे पर्याय आटतात.

रविवार अजून ठरायचा आहे, आणि आमच्या मते खरा गोवा तिथेच आहे. 2006-07 ते 2012-13 सलग सात मोसम देशाचे विजेतेपद गोव्यातल्याच क्लबांनी जिंकले: धेंपो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, पण हे क्लब स्थानिक लीगमध्ये खेळत राहिले. रविवारी दुपारी गोवा प्रोफेशनल लीगचा सामना लागला तर तो घ्यावाच. मैदाने: म्हापशाचे धुळेर, वास्कोचे टिळक मैदान. वास्को सोपे, कारण मैदान रेल्वे स्थानकाजवळ आहे आणि मडगावहून बस मिळते. म्हापसा थिवीहून जवळ. कोकणकन्या तिथे थांबते, म्हणून परतीचे बोर्डिंग थिवीला बदलून घेतले तर मडगावला उलटे यावे लागत नाही. बांबोळीचे मैदान यादीतून काढले. तिथे ट्रॅकमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब पडतात.

सकाळचा नाश्ता पातळ भाजी, पाव आणि मिरची, साडेनवाच्या आत. रविवारी मडगावातली बरीच छोटी हॉटेले बंद असतात आणि उघडी असतात तिथे भाजी लवकर संपते.

उरलेली कामे: स्थानिक लीगच्या तारखा लागल्या की रविवारचे मैदान ठरवणे, त्यानुसार दोघांच्या तिकिटाचे बोर्डिंग बदलणे, आणि शनिवारच्या रात्रीसाठी दोन टॅक्सींच्या चालकांशी बाद फेरीची उशिराची वेळही बोलून ठेवणे.