आजोबांना 'नातू' म्हणून नोंदवा, म्हणे!

आमच्या रत्नागिरीकडच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात एका जीवाश्माची प्लास्टरची प्रतिकृती वर्षानुवर्षं धूळ खात होती. चिठ्ठीवर 'तारामासा, ऑर्डोव्हिशियन (म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा एक भूशास्त्रीय काळ), फ्रान्स', बस्स. तपासणीआधी सगळे नमुने ऑनलाइन नोंदवायचं फर्मान निघालं आणि हे लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

फोटो, मापं झाली. अडलं ते 'वर्ग' या रकान्यात. पर्याय दोनच: तारामासा किंवा ब्रिटल स्टार. रापणीत येणाऱ्या जिवंत प्राण्यांना एवढं पुरतं. बाहू मधल्या तबकडीतून रुंद होऊन निघाले तर तारामासा. तबकडी वेगळी आणि बाहू बारीक, वळवळते, तर ब्रिटल स्टार. जुन्या जीवाश्मांना हा नियम लावू नका. बाहूंची संख्या तर बघूच नका, दोघांचेही बहुधा पाचच. खालची बाजू बघा.

टॉर्च अगदी आडवा धरला तेव्हा कुठे दिसलं: बाहू पाकळीसारखे, मधल्या पट्ट्यांच्या ओळीपासून कडेपर्यंत बारीक काड्यांच्या तिरक्या रांगा. या काड्या म्हणजे व्हर्गल्स, सोमास्टेरॉइड या तारामाशांच्या नात्यातल्या जुन्या, नामशेष गटाची खूण. हा गट स्पेन्सर या जीवाश्म-अभ्यासकाने 1951 मध्येच वेगळा काढलाय. मोरोक्कोतला सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वीचा कँटाब्रिजिअ‍ॅस्टर हा जीवाश्म याच ठेवणीचा. 2021 मध्ये हंटर आणि ऑर्टेगा-हर्नांडेझ या संशोधकांनी त्याला तारामासे आणि ब्रिटल स्टार यांच्या फाट्याच्याही आधी ठेवला. म्हणजे आजोबांनाच विचारायचं, तुम्ही थोरल्या नातवाकडचे की धाकट्या?

ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "सर, लाल फुली जात नाही तोवर पुढचं पान उघडत नाही. टाका ना काहीतरी."

काहीतरी! मेल केला. उत्तर आलं, "योग्य पर्याय निवडावा." पुन्हा केला, तेच उत्तर. शेवटी प्रणाली बनवणाऱ्या मुलाला फोनवर गाठलं. त्याने ऐकून घेतलं आणि चहा संपायच्या आत 'इतर' घालून दिलं. एवढ्यासाठी गणपतीची सुट्टी वाया गेली होती.

हो, आणि नमुना ठसा असेल तर खोलगट दिसतं ते मुळात उंचवटा असतं. आधी रबराचा साचा काढून घ्या. 'कुल' या रकान्यात 'अनिश्चित' चालतं. शेऱ्याची जागा तुटपुंजी आहे, तेव्हा काळ आणि ठिकाण आधी लिहा, कारण शेवटची ओळ न सांगता कापली जाते.