ब्रेक दाबला की आवाज: 1998 च्या मारुती 800 ची नोंद

कार्ब्युरेटरचं प्रकरण मिटलं. गाडी आता पहिल्या सेल्फला चालू होते, सिग्नलला बंद पडत नाही. इंजिन शांत झालं आणि त्याच्याखाली इतके दिवस दबलेला आवाज वर आला: ब्रेक लावला की पुढून काहीतरी चिरकतं. दिवाळीनंतर ही गाडी महूवरून जाम घाटाने महेश्वरला उतरवायची आहे, त्यामुळे ही नोंद फक्त ब्रेकची.

‘ब्रेक लावला की आवाज येतो’ एवढंच सांगितलं, तर इंदूरच्या छावणीतला काय नि पाटणीपुऱ्यातला काय, कुठलाही मिस्त्री म्हणणार, ‘पैड बदल दो, भैया.’ पॅड बदलल्यावर आवाज बहुधा जातोही. पण पॅड का खराब झाला हे तसंच राहतं आणि नवा पॅडही त्याच वाटेने जातो. 800 ची बांधणी साधी आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही, कसलाही सेन्सर नाही. अशा गाडीत आवाजाचं मूळ घरच्या घरी सापडू शकतं, आणि ते शोधण्यात खरी मजा आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पान्याला हात लावण्याआधी काही दिवस नुसतं ऐकलं आणि लिहून ठेवलं. वेग किती होता, ब्रेक गार होता की तापलेला, पाय हलका होता की जोरात, गाडी पुढे चालली होती की रिव्हर्समध्ये, स्टिअरिंग सरळ होतं की वळलेलं, रात्री पाऊस झाला होता का. ऐकायला सुपर कॉरिडॉर, भल्या पहाटे. रस्ता रुंद, मागून कुणी हॉर्न वाजवत नाही. आणखी एक जागा याहून उपयोगी ठरली: कॉलनीच्या मागची लांब कंपाउंडची भिंत. काच खाली करून भिंतीला लागून 15–20 च्या वेगाने जायचं आणि हलका ब्रेक लावायचा. भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे त्या बाजूच्या चाकाचा आवाज वेगळा काढता येतो. मग गाडी फिरवून दुसरी बाजू. भाच्याला मागच्या सीटवर बसवलं होतं. पत्र्याच्या गाडीत आवाज सगळीकडे धावतो. मला डॅशबोर्डखाली वाटलेली टकटक त्याला पायाखाली ऐकू आली.

आवाज तालात येतो का, हेही पाहायचं. 145/70 आर 12 टायरचा घेर साधारण 1.6 मीटर. म्हणजे 20 किलोमीटरच्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे साडेतीन फेरे घेतं, 10 च्या वेगाला पावणेदोन. खर-खर-खर असा आवाज या हिशोबाने येत असेल आणि वेग कमी होताच तालही मंदावत असेल, तर दोष फिरणाऱ्या वस्तूत: डिस्क, ड्रम किंवा बेअरिंग. पायाखाली पेडल त्याच तालात उसळत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नाही किंवा ड्रम लंबगोल झालाय, असा संशय घ्यायचा. माझ्या गाडीचा चिरका आवाज सलग होता, तालाचं नाव नाही.

वहीची पानं भरली तेव्हा दिसलं की आवाज एक नाहीच, तीन आहेत. पहिला: ब्रेक तापल्यावर, हलक्या पायाला, डाव्या पुढच्या बाजूने बारीक ‘चिर्रर्र’, पाय जोरात दाबला की गप्प. दुसरा: ब्रेक लागताना आणि सुटताना पुढून एकदाच ‘टक्क’. तिसरा: पावसाच्या रात्रीनंतर सकाळी मागून ‘घुंईं’, थोड्या वेळाने नाहीसा. तिन्ही एकत्र ऐकले की एकच विचित्र आवाज वाटतो आणि कुठलंच कारण त्याला पुरं पडत नाही.

चिरका आवाज

ब्रेकचं चिरकणं म्हणजे पॅडने डिस्कला क्षणभर धरणं, सोडणं, पुन्हा धरणं, सेकंदाला हजारो वेळा. सारंगीचा गज तारेला असाच धरत-सोडत जातो, म्हणून तार गाते. इथे गातात डिस्क, पॅड आणि पॅडना धरून दाबणारा कॅलिपर. काही पॅडना पत्र्याची एक जीभ असते. पॅडचा मसाला, म्हणजे घासला जाणारा थर, संपत आला की ती डिस्कला घासून मुद्दाम आवाज करते. ती जीभ बहुधा ब्रेक न लावताही चालत्या गाडीत वाजते आणि ब्रेक लावल्यावर गप्प होते किंवा सूर बदलते. माझ्याकडे उलटं होतं, त्यामुळे जीभ बाद. स्टिअरिंग डावीउजवीकडे वळवून आवाजात फरक नव्हता, म्हणून बेअरिंगवरचा संशयही मागे पडला.

खूण पटली ती तापमानावरून. लांब चक्कर मारून आल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटर दोन्ही डिस्कवर धरला. डावी उजवीपेक्षा बरीच तापलेली. चकचकीत धातूवर हे यंत्र खरा आकडा देत नाही, कमी दाखवतं. त्यामुळे आकड्यावर विसंबायचं नाही, दोन्हीकडे त्याच जागी धरून तुलना करायची. एकच बाजू तापते याचा अर्थ तिथला पॅड ब्रेक सुटल्यावरही डिस्क सोडत नाही.

मग चाक उघडलं. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, जॅकने उचलून स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कृपा करून कुणीही हात घालू नका. न्यूट्रलमध्ये डावं चाक हाताने फिरवलं तर जड. कॅलिपर काढून तारेने स्प्रिंगला बांधला. तो होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळू द्यायचा नाही, होज आतून फाटतो आणि वरून दिसतही नाही. आतल्या पॅडचा मसाला जेमतेम 2 मिमी, बाहेरच्याचा 6 मिमी. एकाच चाकात!

800 चा कॅलिपर तरंगता आहे. पिस्टन एकाच बाजूला, आत. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, त्याच्या धक्क्याने कॅलिपर पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन जाम झाली की सरकणं थांबतं; सगळी मेहनत आतल्या पॅडवर येते आणि ब्रेक सोडल्यावर मोकळं व्हायलाही वाव राहत नाही. खालच्या पिनचं रबर बूट फाटलेलं होतं. पावसाचं पाणी आत जाऊन पिन तांबूस झालेली, हाताने हलेना. पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत. चिरक्या आवाजाचं मूळ ही पिन, पॅड नव्हे.

डिस्क फेकायची की ठेवायची हे मापावरून ठरवायचं. कमीत कमी जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. वर्निअरने थेट मोजलं तर डिस्कच्या कडेला न झिजलेली किनार असते, तिचंच माप येतं. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक सारखं नाणं धरायचं, सगळं मिळून मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. माझी डिस्क मर्यादेच्या वर निघाली. डायल गेज लावून फिरवली तर डगमग 0.06 मिमी. 0.1 मिमीच्या आत असेल तर मी लेथवर नेत नाही. लेथवर प्रत्येक वेळी थोडी डिस्क कायमची जाते.

छोटी ग्वालटोलीतून पिन, बूट आणि पॅडचा सेट आणला. पॅड दोन्ही बाजूंचे बदलायचे, एकाच चाकाचे बदलले तर गाडी ओढते. पिनला सिलिकॉनचं, उष्णता सोसणारं ग्रीस. चासीचं पिवळं ग्रीस इथे चालत नाही, खनिज तेलाने ही रबरं फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. आधी कुणीतरी पॅडमागची पातळ शिम काढून टाकलेली होती, तीही बसवली. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल वर चढतं, ते आधीच थोडं काढून घेतलं. रंगावर सांडलं तर रंग उचलून आणतं. सगळं बसल्यावर पेडल कडक होईपर्यंत पंप केलं. गाडी हलवण्याआधी हे केलंच पाहिजे, नाहीतर पहिल्या ब्रेकला पाय थेट फरशीला जातो. नवे पॅड डिस्कवर नीट रुळावेत म्हणून 50 वरून 15 पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये गार व्हायला वेळ देत, असं बऱ्याचदा केलं. चिरकणं बंद. दोन्ही डिस्क आता सारख्या तापतात.

टक्क

हा आवाज मला सगळ्यांत आवडला, कारण त्याला दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात आणि ती रस्त्यावरच वेगळी करता येतात. पॅड ब्रॅकेटमध्ये सैल असेल तर ब्रेक लावल्यावर तो डिस्कबरोबर थोडा पुढे सरकून आदळतो आणि तिथेच राहतो. पुढच्या ब्रेकला आवाज नाही. रिव्हर्स घेऊन ब्रेक लावला की उलट सरकतो, पुन्हा एकदा टक्क. म्हणजे दिशा बदलल्यावर पहिल्याच ब्रेकला आवाज, मग शांतता. सस्पेन्शनचं बुश गेलं असेल तर मात्र दर ब्रेकला टक्क, कारण ब्रेक सुटला की चाक आपल्या जागी परत येतं.

माझ्याकडे दर ब्रेकला. 800 च्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये खालचा आर्म चाकाला आडवं धरतो. पुढे-मागे धरण्याचं काम स्टॅबिलायझर बार करतो, जो आर्मच्या टोकातून रबरी बुशांमध्ये जातो. ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे ढकलतो आणि तो सगळा भार या छोट्या रबरांवर येतो. चाक जमिनीवर ठेवून भाच्याला गाडी अगदी हळू पुढे-मागे घ्यायला आणि दर वेळी ब्रेक लावायला सांगितलं. मी बाजूला वाकून बॅटरीच्या उजेडात पाहत होतो: उजव्या आर्मशी बार स्पष्ट हलला. बुश काढलं तर भोक लंबगोल, रबर भेगाळलेलं. दोन्ही बाजूंची बदलली. शेवटचा नट गाडी चाकांवर उभी असतानाच कसला. हवेत कसला तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि लवकर जातं. टक्क गेली, आणि अनपेक्षित लाभ असा की ब्रेकमध्ये स्टिअरिंग जे किंचित उजवीकडे जायचं तेही थांबलं.

मागचा घुंईं

पावसानंतर पहिल्या एक-दोन ब्रेकला डिस्कवरची किंवा ड्रममधली गंजाची पातळ साय घासली जाते, त्यात काळजीचं काही नाही. पण हा आवाज जास्त वेळ टिकायचा. मोकळ्या रस्त्यावर 20 च्या वेगाने, हँडब्रेकचं बटण दाबून धरून दांडी हळूच ओढली. केबल फक्त मागच्या ड्रमना जाते, आणि आवाज आला. मागचंच.

ड्रम उघडले. ड्रमला आतून घासणाऱ्या शूची काळी पूड भरपूर. ती फुंकायची किंवा हवा मारून उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचा आणि आपल्या गाडीत कुठल्या काळचे शू आहेत हे वरून कळत नाही. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसून काढली. शू ज्या उंचवट्यांवर टेकतात ते कोरडे ठणठणीत होते, तिथे उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पुसट हात दिला. लायनरला ग्रीसचं बोट लागू द्यायचं नाही. आवाज गेला. मात्र शूंना ढकलणाऱ्या उजव्या व्हील सिलिंडरचं रबर मागे सारलं तर आत ओल दिसली. ब्रेक ऑइल पाझरतंय.

यामुळे महेश्वर लांबलं. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरणं म्हणजे काय याचा हिशोब करून पाहिला. गाडी साधारण 650 किलो, दोन माणसं आणि सामान धरून 800. ती 60 च्या वेगावरून थांबवायला ब्रेकना सुमारे 1.1 लाख ज्यूल पचवावे लागतात. समजा घाटात 300 मीटर खाली उतरलो, तर साडेतेवीस लाख. म्हणजे 60 वरून एकवीस वेळा थांबल्याएवढी उष्णता, आणि मध्ये गार व्हायला फारशी उसंत नाही. सेकंड गिअर यातला बराच वाटा उचलेल, पण उरलेलं पॅड, डिस्क आणि ऑइलवर. ब्रेक ऑइलच्या प्रती डॉट आकड्याने ओळखतात: ताजं डॉट 3 ऑइल 205 अंशांना उकळतं, पाणी ओढून घेतलेलं 140 लाच. डॉट 4 चे तेच आकडे 230 आणि 155. ऑइल हवेतलं पाणी ओढतंच, आणि माझ्या टाकीतलं चहाच्या रंगाचं झालंय. त्यात वाफ धरली तर पेडल स्पंजासारखं खाली जातं, तेही नेमकं उतारावर.

दोन्ही मागचे व्हील सिलिंडर आणून ठेवलेत. ते बसवताना संपूर्ण ऑइल काढून सीलबंद डबीतलं डॉट 4 भरणार. ते डॉट 3 च्या जातीचंच आहे, सिलिकॉनचं डॉट 5 मात्र यात मिसळत नाही. उजव्या बाजूच्या शूच्या लायनरने ऑइल प्यायलंय का ते त्याच वेळी तपासायचं, आणि प्यायलं असेल तर मागचे चारही शू नवे.