एवढी लांब गाडी, आणि तीही मागच्या चाकांची?

गाड्यांविषयी लिहितो म्हटल्यावर लोक विचारणारच. पण मर्सिडीजची नवी ई-क्लास चालवून आल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "एवढ्या पैशांत दणकट, उंच एसयूव्ही मिळते. मग पाच मीटरपेक्षा लांब, जमिनीलगत बसलेली आणि मागच्या चाकांवर चालणारी सेडान कुणी का घ्यावी?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो, कारण माझ्या लेखी या प्रश्नातलं 'मागच्या चाकांवर' हेच, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळणं, या गाडीचं मोल आहे.

आधी गाडीची ओळख. मर्सिडीज-बेंझची ही नवी ई-क्लास आपल्याकडे ऑक्टोबर 2024 मध्ये आली, 78.5 लाखांच्या एक्स-शोरूम किमतीपासून. ती पुण्याजवळ चाकणला जुळवली जाते. लांबी 5,092 मिलिमीटर, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 3,094. परदेशात विकल्या जाणाऱ्या साध्या ई-क्लासमध्ये हेच अंतर 2,961 आहे. वाढवलेली सगळी जागा मागे बसणाऱ्यांच्या पायांसाठी आहे. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली ही लांब ई-क्लास 2017 पासून फक्त भारतासाठी बनते. पुण्याचं आणि या गाडीचं नातं मात्र त्याहून जुनं आहे. 1995 मध्ये टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात डब्ल्यू 124 हे मॉडेल जुळवायला सुरुवात झाली, तीसुद्धा ई-क्लासच होती.

आता चाकांचं. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी मागच्या चाकांवर चालायची. अँबेसिडर तशीच, काँटेसाही तशीच. इंजिन पुढे, गाडीच्या लांबीत बसवलेलं, त्यामागे गिअरबॉक्स, मग ताकद मागे नेणारा, गाडीच्या पोटाखालून जाणारा प्रोपेलर शाफ्ट नावाचा दांडा आणि शेवटी ती दोन्ही चाकांत वाटणारं, मागच्या अॅक्सलवरचं डिफरन्शियल. 1983 च्या अखेरीस मारुती 800 आली आणि चित्र पालटलं. इंजिन आडवं बसलं, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी आला, शाफ्ट गेला आणि ताकद पुढच्या चाकांना मिळू लागली. वजन कमी झालं, खर्च कमी झाला, छोट्या गाडीत चार माणसांना जागा मिळाली. घरोघरी गाडी पोचली त्यात या रचनेचा मोठा वाटा आहे आणि त्याचं मोल मी मनापासून मानतो.

पण त्या रचनेत पुढच्या चाकांना दोन कामं करावी लागतात, गाडी ओढायची आणि वळवायचीही. एकाच हाताने पोळी लाटायची आणि त्याच हाताने तव्यावरची उलटायची, तसं. छोट्या इंजिनाला हे निभतं. ताकद वाढली की वळणावर जोरात अॅक्सलरेटर दिल्यावर स्टिअरिंग हातात ओढ घेतं आणि नाक वळणाबाहेर जाऊ पाहतं. मागची चाकं ढकलणार असतील तर पुढची फक्त वळवायला मोकळी राहतात. शिवाय वेग घेताना गाडीचा भार मागे सरकतो, म्हणजे ज्या चाकांना पकड हवी त्यांच्यावरच तो येतो.

हे कागदावर सगळ्यांना ठाऊक असतं. मला ते खंबाटकी घाटात हाताला कळलं.

एका स्नेह्यांनी ई 220 डी घेतली आणि पुण्याहून पाचगणीला जाताना मला चालवायला दिली. मागे त्यांच्या आई बसल्या होत्या. साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागला. दोन लिटरचं डिझेल इंजिन, 197 हॉर्सपॉवर, 440 न्यूटन-मीटर टॉर्क, नऊ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चढावर ट्रकला मागे टाकायला उजवा पाय जरासा दाबला आणि गाडी मागून कुणी भक्कम हात लावावा तशी पुढे गेली. स्टिअरिंगला धक्का नाही, ओढ नाही. बोनेटवरचा मर्सिडीजचा उभा तारा जिथे नेमला तिथेच राहिला. मी बराच काळ पुढच्या चाकांच्याच गाड्या चालवत आलो आहे, आणि हा मोकळेपणा किती आनंदाचा असतो हे अशा गाडीत बसल्याशिवाय आठवत नाही.

सुरूर फाट्यावरून वाईला वळलो आणि पुढे पसरणी घाट लागला. एवढ्या लांब गाडीची खरी परीक्षा तिथल्या आवळ वळणांवर होते, मला तर धाकधूकच होती. पण मागच्या चाकांच्या रचनेत पुढच्या चाकांमधून शाफ्ट जात नाहीत, त्यामुळे ती जास्त कोनात वळवता येतात. गाडी अपेक्षेपेक्षा कमी जागेत वळते. वळणात शिरताना वेग कमी, मध्यावर स्टिअरिंग स्थिर, बाहेर पडताना हलकेच अॅक्सलरेटर, एवढी शिस्त पाळली की अंग बाजूला झुकत नाही. उंच गाडीत याच रस्त्यावर मागच्या माणसांना मळमळतं. आई वरपर्यंत गप्पा मारत होत्या, खाली धोमचं पाणी दिसतंय का म्हणून विचारत होत्या.

मागची सीट हा या गाडीचा मान आहेच. पाठ 36 अंशांपर्यंत मागे रेलते, मांड्यांना आधार मिळतो, उन्हासाठी विजेवर चालणारे पडदे आहेत. पण तिथे दोघांनीच बसावं. शाफ्टसाठी मधून गेलेला उंचवटा तिसऱ्याच्या पायांना नीट जागा देत नाही. आणि पाचगणीत उतरताना आईंना दाराला धरून उठावं लागलं. घरात गुडघेदुखी असेल तर हे आधी बघा. एसयूव्हीचा मुद्दा इथे शंभर टक्के खरा आहे.

पुढच्या बाजूला 14.4 इंची टचस्क्रीन आहे. दिसायला देखणी. मला मात्र एसीसाठी बोटाला सापडणारी बटणं हवी होती, घाटात नजर रस्त्यावर ठेवायची असते. गावाजवळच्या उंच गतिरोधकांवरही लांब गाडी जपून न्यावी लागते, दोन चाकांमधलं पोट मोठं असतं.

पावसात मागची चाकं घसरतात, ही भीतीही लोक बोलून दाखवतात. जुन्या गाड्यांत ती रास्त होती. चाक घसरायला लागताच एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लावून गाडी सरळ करणारी ईएसपी यंत्रणा याच कंपनीने बॉशबरोबर 1995 मध्ये बाजारात आणली. आज ती असतेच. टायर गुळगुळीत असतील तर मात्र कुठलीच यंत्रणा वाचवत नाही, मग चाकं पुढची चालोत की मागची.

आणि ही रचना जुनी झाली, असं मला म्हणवत नाही. चाकणलाच महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या विजेच्या गाड्या बनतात, त्यांचीही मोटर मागच्या चाकांवर आहे. ओढण्यापेक्षा ढकलणं बरं, हे तिथल्या इंजिनिअरांनाही पटलेलं दिसतं.

म्हणून घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे ही गाडी घेतात आणि मालक मागे बसतो. ड्रायव्हरला रविवारी सुट्टी द्या आणि स्वतः पुढे बसा. ट्रायल घेताना शोरूमभोवतीची फेरी पुरेशी समजू नका, घाटाचा रस्ता मागून घ्या. घरातल्या थोरांना सोबत न्या, त्यांना दोनदा चढू-उतरू द्या. इंजिनाचं विचाराल तर ई 450 ताकदीची आहे, पण तिची चारही चाकं चालतात, मी वर सांगितलेली गंमत त्या रूपात वेगळी होते. पेट्रोलची ई 200 शहरात शांत आणि पुरेशी आहे. घाट वरचेवर चढायचे असतील तर मी डिझेल घेईन.