कॉर्नफ्लॉवर: अखेर कळी, तीही भलत्याच कुंडीत

मंडळी, कळी आली! वाटाण्याएवढी, खवलेदार, निळ्याचा मागमूस नाही, पण कॉर्नफ्लॉवर या निळ्या फुलांच्या विलायती झाडाच्या 'ब्लू बॉय' जातीची कळी आणि तीही रत्नागिरीत.

मागचं रडगाणं आठवत असेलच. रोपं धष्टपुष्ट, पण सगळी मातीला चिकटून पानांचा घेर धरून बसलेली, दांडा वर यायचं नाव नाही. तुम्ही सुचवलंत ते सगळं झालं: शेणखत बंद केलं, जांभ्याच्या आंबट मातीत शिंपल्यांचा चुना मिसळला. पानं तेवढी वाढली.

आता गंमत बघा. कळी धरली ती खळ्यातल्या उन्हातल्या कुंडीने नव्हे. जागा नाही म्हणून पडवीत सारलेली एक कुंडी होती, तिने. ऊन सगळ्यांत कमी तिलाच! पण डोक्यावर पिवळा बल्ब, आणि आप्पा झोपेपर्यंत तो काही विझत नाही.

म्हणजे अडचण खताची नव्हतीच, दिवसाच्या लांबीची होती. कॉर्नफ्लॉवर मोठ्या दिवसाचं झाड. एस्टोनियाचं हे राष्ट्रीय फूल, आणि तिथे जूनमध्ये दिवस १८ तासांच्या वर जातो. आपल्याकडे डिसेंबरात जेमतेम ११. पाकिटावर मात्र 'भरपूर ऊन, हमखास फुलं' एवढंच. बियाणं विकणाऱ्यांनी अक्षांशाचा विचार केला तर काय बिघडेल?

तर बेत असा: खळ्यावर एलईडीची माळ, टायमरवर रात्री १० ते २. मोठी रात्र मधेच तोडली की झाडाला ती लहान वाटते. शेवंतीचं नेमकं उलटं, तिला कळी धरायला मोठी रात्र लागते. तेव्हा वहिनींच्या शेवंत्या आधी मागीलदारी हलवायच्या, नाहीतर घरात महाभारत.

हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं. पडवीतला बल्ब जुना, तारेचा आहे. त्याच्या उजेडात गडद तांबड्यापलीकडचा भाग भरपूर असतो, आणि मोठ्या दिवसाच्या बऱ्याच झाडांना फुलायला तोच मानवतो. पांढऱ्या एलईडीत तो नावालाच. मग माळ कशाला? अर्ध्या कुंड्यांवर तारेचा बल्ब, अर्ध्यांवर एलईडी, आणि बघू कोण आधी दांडा काढतं. असले बल्ब हल्ली दुकानात मागितले की दुकानदार आपल्याकडेच बघतो, पण बाजारपेठेतल्या जुन्या इलेक्ट्रिकवाल्याकडे असतील.

बाकी, मुंग्यांचा बंदोबस्त झाला. बीच्या बुडाशी तेलकट बोंडूक असतं, त्यासाठी त्या बी पळवतात. कुंड्या पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवल्या, आता एक बी जात नाही. सोटमुळाचं झाड, म्हणून दुसरी पेरणीही थेट कुंडीतच केली, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी खोल. अंधारात छान उगवलं.

फेब्रुवारीअखेर उकाडा सुरू झाला की ही रोपं माना टाकणार, तेव्हा बल्ब या आठवड्यातच लागायला हवेत. कोणाकडे अडगळीत १०० वॅटचे पडले असतील तर कळवा, येऊन घेऊन जाईन.